हद्दीपलीकडचा बर्फ

पडद्यावर वाटेचं चित्र आलं, तसे संचालक ओनोदेरा चष्मा कपाळावर चढवून पुढे झुकले आणि म्हणाले, "व्वा! एक पाऊलसुद्धा उमटलेलं नाही कुठे. इतकी साफ वाट मी जन्मात पाहिली नाही." मेजाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ही वाट उपसणारं यंत्र बनवणाऱ्या मासाफुमीनं सवयीप्रमाणे मान लववली, आणि लववता लववताच पडद्याकडे पुन्हा पाहिलं. एक पाऊल नाही. साहेब म्हणतात ते खरं होतं. गावी आईच्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट सरळ, दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती सुरीनं कापल्यासारख्या, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर काही म्हणजे काहीच नाही. खिडकीबाहेर कावागुचीचं कोरडं ऊन पडलं होतं. या शहरात हिवाळा म्हणजे निळं आभाळ आणि फुटलेले ओठ, एवढंच. इथे बसून बर्फावर यंत्र काढायचं म्हणजे विहिरीत उतरून पतंग उडवण्यासारखं आहे, असं तोच थट्टेनं म्हणायचा. आता त्याला थट्टा सुचत नव्हती. शेजारी बसलेली शिओरी, त्याची मदतनीस, हळूच म्हणाली, "आज चित्र छान आलंय, कुवाबारासान. आईंनी आज घाण केली नाही." घाण म्हणजे बुटांचे ठसे. रोज या दुसऱ्या चित्रात ते असायचेच.

यंत्र दोन चित्रं पाठवायचं. एक पहाटे, काम संपवून खोपीत शिरण्याआधी. दुसरं उजाडल्यावर. पहिल्यात वाट कोरी असायची, दुसऱ्यात तिच्यावर आईचे ठसे असायचे, दारापासून रस्त्यापर्यंत आणि परत, लहान लहान, डावा पाय जरा बाहेर वळलेला. कंपनीतल्या कुणाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं. म्हातारी बाई आहे, हवा खायला येत असेल, असं त्यांना वाटायचं. हवा खायला नव्हे, आई मुद्दाम बूट घालून, हातात फावडं घेऊन बाहेर यायची आणि वाटेवर चालून जायची. ही वाट फुसाए कुवाबारानं स्वतःच्या हातांनी साफ केली आहे, असं शेजारच्या योशिजिरोकाकांना दिसावं म्हणून. गेल्या शरदात मासाफुमीनं यंत्र घरी नेऊन खोपीत बसवलं, तेव्हा तिनं त्याच्याकडून वचनच घेतलं होतं. "उजाडायच्या आत उरकायचं त्यानं. आवाज नको. आणि योशिजिरोंना पत्ता लागता कामा नये. म्हातारी थकली, तिची वाट आता यंत्र काढतंय, असं झालं तर मी गावात वर मान करून चालणार नाही." मग यंत्राच्या पाठीवर थोपटून म्हणाली होती, "जेवत नाही, बोलत नाही, पहाटे उठतो. असा घरजावई कुणाच्या नशिबी असतो का!" मासाफुमी हसला होता. त्यानं यंत्राचा भोंगा काढून टाकला, दिवे झाकले, चाकांना मऊ पट्टे बसवले. आई आणि मुलगा मिळून काहीतरी लपवतायत याची त्याला लहानपणासारखी मजा वाटली होती.

"मला एक फोन करायचाय," तो उठत म्हणाला. ओनोदेरांच्या भुवया वर गेल्या. संचालकांसमोर बसलेला माणूस असा उठत नाही, उठला तर कारण सांगतो. त्यानं सांगितलं नाही. बाहेर जिन्याशी उभं राहून आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. आई फोनपाशी सावकाश यायची, पण यायची, आणि आधी ओरडायची, "आले, आले, थांब." जसं काही फोनला ऐकू जातं. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा घंटाच. घंटेच्या दोन ठोक्यांमधली शांतता त्याला दिसायला लागली, म्हणजे तो लांब काळोखा बोळ, त्यातली गार फळ्यांची जमीन, न्हाणीच्या दाराशी टांगलेला टॉवेल. झोपली असेल. सर्दी झाली असेल. किंवा आज चालायचा कंटाळा केला असेल, माणूस आहे. शेवटचं कारण त्याला पटेना. जी बाई ताप अंगात घेऊन रस्त्यापर्यंत ठसे उठवून आली होती, ती कंटाळा करत नाही.

योशिजिरोकाकांनी मात्र पहिल्याच घंटेला उचलला. "कोण? मासा? अरे काय रे, टोकियोत बर्फ पडला की काय?" त्यांच्यालेखी डोंगराच्या दक्षिणेला सगळं टोकियोच होतं. मासाफुमीनं विचारलं, "काका, आईला पाहिलंत का आज?" "पाहायचं काय? तुझी आई मला लाजवते की! मी उठून चहा घेतोय तोवर हिची वाट चकाचक. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी बाई, आणि कडा बघ कशा कापते. आमची ही रोज मला टोमणा मारते, जा, फुसाएसानकडे शिकवणी लाव म्हणते." "काका, ती फोन उचलत नाहीये." "मग दमली असेल. एवढा बर्फ उपसून पडली असेल जरा. मी सकाळी जाता जाता हाक मारली, म्हटलं, फुसाएसान, लवकर उरकलंत! ओ नाही आली. म्हटलं निजू दे. म्हाताऱ्या माणसाच्या झोपेत मोडता घालू नये." मासाफुमीच्या तोंडाशी शब्द आले होते. काका, तिनं नाही उपसलं, यंत्रानं उपसलंय. एवढंच तर म्हणायचं होतं. पण आईचा चेहरा समोर आला, तो शरदातला, बोट उगारलेला, आणि त्यानं म्हटलं, "बरं. ठीक आहे." काकांनी फोन ठेवला.

गावात कुणी कुणाला कसे आहात विचारत नाही. दारापुढची वाट पाहतात. लहानपणी एकदा न्याहारीला बसले असताना बाबांनी खिडकीतून चढावरच्या टोमेआजीच्या घराकडे पाहिलं, आणि काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. भात अर्धा तसाच. "टोमेची वाट झाली नाही," एवढंच म्हणाले आणि फावडं घेऊन निघाले. खालच्या घरातून योशिजिरोकाका, तेव्हा ते तरुण होते, निघालेच होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मासाफुमी शाळेचा टोप कानांवर ओढून मागे मागे गेला. त्यांनी दार वाजवलं नाही, हाका मारल्या नाहीत, सरळ वाट उपसत दारापर्यंत गेले आणि दार सरकवलं. आजी तापानं फणफणत होती. तिला ढकलगाडीवर घालून खाली नेली, आणि ती नंतर बरीच वर्षं जगली, चांगली खाष्टपणे जगली. वाट झाली म्हणजे माणूस उठला. वाट झाली नाही म्हणजे जाऊन पाहा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, चालायला कुणी शिकवतं का? आणि तोच, पुढे शिकून सवरून, असं यंत्र काढतो की माणूस उठो, न उठो, मरो, वाट होतेच. रोज. कडा कापून. दोन वर्षं त्यानं वाऱ्याचा, ओल्या बर्फाच्या वजनाचा, बॅटरीच्या गारठ्याचा विचार केला. याचा केला नाही. त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली, आणि खालून जाणाऱ्या पोरीनं दचकून वर पाहिलं.

मग त्यानं हातातल्या फोनवरून यंत्र जागं केलं. चाचणीसाठी ठेवलेली सोय होती ती, इथून बसून ते हातानं चालवता यायचं. यंत्राचा डोळा गुडघ्याएवढ्या उंचीवर. खोपीचं दार वर गेलं, पांढरा उजेड आत आला, आणि वाट समोर पसरली. पहाटेनंतर थोडा बर्फ पडला होता, वाटेवर पिठाचा हात फिरवल्याएवढा. त्यानं यंत्र दारापर्यंत नेलं. सरकतं दार बंद. दाराच्या काचेतून आतला पिवळा दिवा दिसत होता. दिवसा दिवा. आई दिवसा दिवा जळू देत नाही. त्यासाठी तिनं बाबांचं डोकं खाल्लं, त्याचं खाल्लं, एकदा तर वीज तपासायला आलेल्या माणसाचंही खाल्लं. पहाटे काळोखात दिवा लावून ती न्हाणीकडे गेली असणार, आणि दिवा मालवायला परत आलीच नाही. त्यानं काकांना फोन लावला. आता सगळं सांगायचं होतं, वचनबिचन गेलं खड्ड्यात. घंटा वाजत राहिली. काकांचा फोन बाहेर चपलांच्या कपाटावर, आणि काका एकदा आतल्या खोलीत शेगडीच्या मेजाखाली पाय घालून टीव्ही लावून बसले की भूकंपानंच उठतात. आज बुधवार, काकू मुलीकडे गेलेली असणार. वरची दोन घरं हिवाळ्यात रिकामी असतात, त्यांना त्यांची मुलं शहरात घेऊन जातात. टोमेआजीचं घर तर कधीच बसलं. म्हणजे त्या चढावर आज दोनच माणसं होती. एक टीव्हीसमोर, आणि एक काचेच्या दारामागे कुठेतरी.

रुग्णवाहिकेच्या कचेरीतला माणूस सौजन्यानं बोलला. दरीकडच्या रस्त्यावर कडा कोसळलाय, आधी बर्फ हटवणारी नांगरगाडी जाईल, मग आमची. निघतो आत्ताच. पण तासाच्या आत पोचणं कठीण, दीडही लागेल. "जवळपास शेजारी नाहीत का?" "आहेत." "मग आधी त्यांना सांगा, घर उघडून अंगावर पांघरूण घालायला. थंडी वाट पाहत नाही." मासाफुमी म्हणाला, "हो, सांगतो," आणि फोन बंद केला. सांगायचं कसं? यंत्राला तोंड नव्हतं. भोंगा त्यानंच उपटून काढला होता. काकांच्या ओट्याला तीन पायऱ्या, यंत्र त्या चढून दार वाजवू शकत नव्हतं. त्याच्या त्या घरजावयाला जगात एकच गोष्ट येत होती, बर्फ उचलून फेकणं. आणि तो कुठे फेकायचा नाही, ते तर त्याला फारच चांगलं शिकवलेलं होतं.

बर्फ उचलायला अक्कल लागत नाही, ठेवायला लागते, असं बाबा म्हणायचे. चढावर सगळं भांडण बर्फ ठेवण्यावरूनच होतं. खालच्या गावात दोन चुलतभाऊ एका फावड्याच्या बर्फावरून एकमेकांच्या घरच्या मयताला गेले नव्हते. एकदा बाबांनी फेकलेला बर्फ वाऱ्यानं उडून योशिजिरोकाकांच्या मुळ्याच्या ढिगावर पडला, तर काका फावडं परजत रस्त्यापर्यंत आले होते, आणि बाबा संध्याकाळी साकेची बाटली घेऊन त्यांच्या दारात गुडघे टेकायला गेले होते. म्हणून मासाफुमीनं यंत्र काढताना निम्मं आयुष्य हद्दीवर घातलं. लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या, यंत्राला वाऱ्याचा अंदाज दिला, बर्फ फेकणारी त्याची मान किती वळेल त्याला कुलूप घातलं. वर कुलपाला दोन किल्ल्या ठेवल्या, दोन माणसांनी आपापला आकडा घातल्याशिवाय ते उघडायचं नाही. रागाच्या भरात एकट्या माणसाच्या हातात ही गोष्ट नको, असं त्यानंच बैठकीत ठासून सांगितलं होतं. तो खोलीच्या दाराशी गेला आणि शिओरीला खूण केली. आत ओनोदेरा किमतीबद्दल काही बोलत होते. ती बाहेर आली, त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"आई फोन उचलत नाहीये, घरात दिवा जळतोय. तुझा आकडा घाल. हद्दीचं कुलूप काढायचंय."

"आता? आईंच्या घरचं?" तिनं फोनच्या पडद्याकडे पाहिलं. "पण तिकडे तर शेजाऱ्यांचं दार आहे."

"दारावरच मारायचंय."

शिओरी दक्षिणेकडच्या उबदार मियाझाकीची. तिकडे बर्फ सरबतात पाहिलेला. "कुवाबारासान, आई पडल्यायत असं वाटतंय ना तुम्हाला? मग दारावर बर्फ मारल्यावर तो माणूस मदतीला येईल?"

"मदतीला नाही येणार. भांडायला येईल."

तिनं बोट टेकवून आकडा घातला. त्यानं आपला घातला. यंत्र मागे घेतलं, बर्फाच्या भिंतीत त्याचं तोंड खुपसलं, आणि मान वळवायला लागला. काठीच्या रेषेशी मान अडेल असं त्याला सवयीनं वाटलं. अडली नाही. सरळ पलीकडे गेली, आणि गेली तेव्हा त्याला, खरं सांगायचं तर, आपण देवळात बूट घालून शिरतोय असं वाटलं. पहिला झोत ओट्याच्या पायऱ्यांवर पडला. दुसरा दाराच्या काचेवर. आवाज येत नव्हता, पण काच थरथरलेली दिसली. तिसरा, चौथा. काकांचा झाडू गेला, चपलांचा खोका गेला, खिडकीच्या खालचा अर्धा भाग बुजला. दार उघडेना. "अजून," तो स्वतःशीच म्हणत होता, "ऊठ ना रे बाबा, ऊठ." तो काकांना अरे-तुरे करत होता हे त्याच्या ध्यानात नव्हतं. बैठकीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. शिओरी दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणी बाहेर येऊ नये म्हणून. यंत्राच्या बॅटरीचा आकडा खाली उतरत होता, आणि बर्फ काकांच्या दारावर थापला जात होता, ओला, जड, चांगला फेकलेला.

मग दार एका झटक्यानं सरकलं, आणि अर्धा ढीग आत कोसळला. त्यातून योशिजिरोकाका बाहेर आले. अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा, पायात एकच बूट, तोंड वासलेलं. पडदा मुका होता, पण ती शिवी कोणती हे मासाफुमीला ओठांवरून कळलं, बाबांनाही तीच मिळाली होती. एक झोत त्यांच्या छातीवर बसला. त्यानं घाईनं यंत्र थांबवलं. काका हद्दीपर्यंत तरातरा आले, यंत्रामागे उभ्या असलेल्या बाईवर ओरडायला. यंत्रामागे बाई नव्हती. ते वाकून यंत्राच्या डोळ्यात बघायला लागले. त्यांचा सुरकुतलेला, लालबुंद चेहरा सबंध पडद्यावर पसरला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, कापलेल्या कडांकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि ते आईच्या घराकडे वळून हातवारे करत ओरडायला लागले, फुसाएसान, हे काय आहे, बाहेर या, असंच काहीतरी असणार. आणि एकाएकी गप्प झाले. मान तिरकी करून कान दिला. एका पायात बूट, एका पायात मोजा, असे ते धावले आणि चित्रातून निघून गेले. मासाफुमीनं यंत्र त्यांच्यामागे वळवायला बोट टेकलं, पण घाईत ते जास्तच ओढलं गेलं आणि यंत्र बर्फाच्या भिंतीवर जाऊन धडकलं. पडद्यावर नुसतं पांढरं उरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. शिओरीनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. त्याला राहून राहून वाटत होतं की आपण उशीर केला. तेव्हाच, पहिल्याच फोनला बोललो असतो तर. एक वाक्य. एका वाक्यासाठी आईची अब्रू राखत बसलो. आईची की आपली? म्हातारीचं सगळं आपण इथून बसून बघतो, ही फुशारकी कुणाची होती? फोन थरथरला. पडद्यावर आईच्या घरचा आकडा होता.

"मासा." काकांना दम लागला होता. "जिवंत आहे. न्हाणीच्या दाराशी पडलीय. मांडीचं हाड गेलंय बहुतेक, हलवलं नाही मी. गार पडलीय, पण शुद्धीवर आहे. गाद्या घातल्यात अंगावर सगळ्या."

"रुग्णवाहिका निघालीय, काका," मासाफुमी म्हणाला.

"पहाटेपासून पडलीय," काका म्हणाले. "मी सकाळी हाक मारली ना, ती ऐकली म्हणते तिनं. ओ देता येत होती."

"मग का नाही दिली?"

"विचारलं. म्हणते, तुम्ही आत आला असता. मी पहाटेपासून पडलेली, आणि बाहेर वाट साफ. मग ती काढली कुणी, हे तुम्ही विचारलं असतं." त्यांचा आवाज चिरकला, आणि तो खडूस म्हातारा फोनवर हुंदके द्यायला लागला. "गप्प पडून राहिली रे ती. मी रस्त्यावर उभा, आणि ती आत गप्प. आता शिव्या घातल्या मी, बर्फ कुणी मारला म्हणून, तेव्हा आतून आवाज आला. माफ करा म्हणून. माफी मागायची होती ना, म्हणून ओ दिली तिनं."

मागून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. काका म्हणाले, "थांब, तिला बोलायचंय," आणि फोन कशावर तरी घासला. मग श्वास आला, तुटक, दात वाजत असलेला.

"मासा, कामात होतास का?"

"नाही आई. बोल ना."

"आता कळलं ना रे त्यांना."

तो म्हणाला, "हो, आई. कळलं," आणि तिथेच पायरीवर बसून मोठ्यानं रडला. आतून ओनोदेरांनी कुणाला तरी विचारलं की कुवाबारा कुठे गेला.